किशिनेव्हच्या वह्या आणि हिब्रूचा राष्ट्रकवी

1903 सालच्या वसंतात ओडेसा शहरातील तिशीचा एक शाळामास्तर किशिनेव्ह या गावी येऊन दाखल झाला. त्याच्यासोबत कोऱ्या वह्या होत्या आणि इतिहासकार सायमन दुबनोव यांच्या समितीने दिलेली कामाची यादी होती. काही आठवड्यांपूर्वीच, ईस्टरच्या सणात, या गावातील ज्यू वस्तीवर दोन दिवस जमावाचा हल्ला झाला होता. एका ख्रिस्ती मुलाच्या हत्येचे खापर ज्यूंच्या धार्मिक विधींवर फोडणाऱ्या स्थानिक वृत्तपत्राने आधी मने पेटविली आणि मग घरे पेटली. 49 माणसे मारली गेली, शेकडो जखमी झाली, स्त्रियांवर अत्याचार झाले, सुमारे दीड हजार घरे व दुकाने लुटली वा मोडली गेली. झारचे पोलीस बहुतांशी पाहत राहिले. मास्तरांनी वाचलेल्यांना भेटावे, त्यांच्या साक्षी उतरवून घ्याव्यात, छायाचित्रे जमवावीत आणि या सर्वांचा एक ग्रंथ सिद्ध करावा, अशी समितीची अपेक्षा होती. मास्तर कित्येक आठवडे तेथे राहिले. वह्यांमागून वह्या भरल्या. मात्र तो ग्रंथ त्यांच्या हयातीत कधीच निघाला नाही. त्याऐवजी एक दीर्घ कविता निघाली आणि तिने ज्यू समाजाची एक संपूर्ण पिढी हादरून गेली.

या मास्तरांचे नाव हायिम नाख्मन बियालिक. आधुनिक हिब्रू कवितेचा विचार त्यांच्यापासून सुरू होतो आणि इस्रायलमध्ये आजही राष्ट्रकवी म्हटले की त्यांचेच नाव पुढे येते. वास्तविक इस्रायल हे राष्ट्र जन्माला येण्याच्या चौदा वर्षे आधीच ते निवर्तले होते.

मराठी माणसाला हिब्रू अगदीच परकी नाही. कोकणातील शनिवार तेली म्हणजे बेने इस्रायली लोक पिढ्यान् पिढ्या घरात मराठी बोलत आणि प्रार्थनेला हिब्रू वापरीत. मुंबईत सॅम्युएल दिवेकर यांनी 1796मध्ये उभारलेल्या प्रार्थनामंदिरापासून पुण्याच्या लाल देवळापर्यंत या भाषेचा उच्चार आपल्या कानावरून गेलेला आहे. अर्थ मात्र मराठीतून समजून घ्यावा लागे. जोसेफ इझिकेल राजपूरकरांसारख्या विद्वानांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या त्या यासाठीच. पासोव्हर सणाच्या रात्री वाचावयाची हगादा 1874 साली पुण्यात हिब्रू व मराठी अशी दोन्ही भाषांत छापली गेली. त्याच्या आदल्याच वर्षी, 9 जानेवारी 1873 रोजी, हजारो मैलांवर रशियन साम्राज्याच्या वोलिन प्रांतातील राडी नावाच्या खेड्यात बियालिक जन्मले होते. तेथेही मांडणी अशीच होती. फरक इतकाच, की मराठीच्या जागी यिडिश होती. देवाशी बोलावयाचे ते हिब्रूतून. बाजारात, स्वयंपाकघरात, भांडणात आणि प्रेमात यिडिश. देव्हाऱ्यातील अशा भाषेत माणसाचे एकटेपण, राग, मत्सर, जंगलातील ऊन हे सारे मावेल काय, हा प्रश्न बियालिकांच्या पिढीपुढे होता. आपल्याकडे कोणी संस्कृतात आधुनिक भावकविता लिहून ती घरोघर म्हटली जाईल अशी जिद्द धरावी, तसा हा प्रकार होता.

वडील लाकडाच्या व्यवसायात बुडाले आणि कुटुंब झिटोमिर या गावाच्या कडेला आले. तेथे त्यांनी दारूचा गुत्ता चालविला. धार्मिक वृत्तीचा, पोथीत रमणारा हा गृहस्थ झिंगलेल्या गिऱ्हाइकांच्या गर्दीत बसून पोथी वाचीत असे. मुलाच्या मनावर हे चित्र कायमचे कोरले गेले आणि अर्धशतकानंतर, आयुष्याच्या अखेरीस लिहिलेल्या कवितांत ते जसेच्या तसे उमटले. हायिम सात वर्षांचा असताना वडील वारले. विधवा आईला मुलांना पोसणे जमेना, तेव्हा तिने त्याला आजोबांच्या स्वाधीन केले. म्हणजे वडील मृत्यूने नेले आणि आई दारिद्र्याने. बियालिकांच्या कवितेत अनाथपण इतक्या वेळा, इतक्या रूपांनी का येते, त्याचे उत्तर इतके सरळ आहे. त्यासाठी समीक्षकाची गरज नाही.

आजोबा कडक शिस्तीचे, विद्वान आणि वृद्ध होते. घरात खेळगडी नव्हते, पण कपाटे भरून ग्रंथ होते. सतराव्या वर्षी मुलगा लिथुआनियातील वोलोझिनच्या सुप्रसिद्ध येशिवात गेला. येशिवा म्हणजे आपल्याकडील वेदपाठशाळेसारखी धर्मविद्येची शाळा. पहाटेपासून रात्रीपर्यंत तालमूद या धर्मग्रंथाचे हेल काढून पठण चाले. तेथील अखंड अध्ययन करणाऱ्या विद्यार्थ्यावर बियालिकांनी पुढे दीर्घकाव्य लिहिले. तारुण्य पणाला लावणाऱ्या त्या मुलाविषयीचा आदर आणि त्याच्या वाया चाललेल्या वसंताची हळहळ त्यात एकमेकांत अशी गुंतली आहेत, की कवी कोणाच्या बाजूचा आहे हे ठरविता येत नाही. स्वतः बियालिक तेथे वर्षभरच टिकले. गुपचूप आधुनिक पुस्तके वाचणाऱ्या विद्यार्थ्यांत ते सामील झाले आणि 1891मध्ये आजोबांना न कळविता ओडेशाला निघून गेले.

काळ्या समुद्राच्या काठचे ओडेसा हे तेव्हा हिब्रू लेखकांचे पुणे होते. विचारवंत आहाद हाआम यांचा दरबार तेथे भरे. पॅलेस्टाइनमध्ये नुसत्या वसाहती करून भागणार नाही, आधी ज्यूंच्या संस्कृतीचे नवे केंद्र उभे राहिले पाहिजे, हा त्यांचा आग्रह. बियालिकांनी तो जन्मभर प्रमाण मानला. संपादक रावनित्स्की यांनी या बुजऱ्या खेडवळ मुलाची एक कविता स्वीकारली. परत आलेल्या पक्ष्याला दूरदेशीची खबर विचारणारी ती कविता 1892मध्ये छापून आली. पण त्याच सुमारास वोलोझिनची शाळा सरकारने बंद केल्याची बातमी आली. आपण तेथे नाही हे आजोबांना कळेल या धसक्याने तरुण कवी घाईने घरी परतला. घरी थोरला भाऊ मृत्युशय्येवर होता आणि आजोबाही जाण्याच्या वाटेवर होते.

यानंतरची काही वर्षे चरित्रकार भराभर उलटतात. 1893मध्ये मान्या आव्हरबुख यांच्याशी विवाह झाला. सासऱ्यांच्या लाकूडधंद्यात जावई शिरला आणि वडिलांप्रमाणेच त्यात अपयशी ठरला. मात्र जंगलातील त्या एकाकी मुक्कामात वाचन पुष्कळ झाले. पुढे पोलंडमधील सोस्नोविएत्स या कोळशाच्या गावी शिकवणी केली. ते गाव त्यांना मनापासून आवडले नाही. 1900 साली ओडेशाला शिक्षकाची जागा मिळाली, 1901मध्ये पहिला संग्रह निघाला आणि हिब्रू वाचकांनी ओळखले, की हा नुसता होतकरू कवी नव्हे.

आणि मग किशिनेव्ह.

तेथून परतल्यावर बियालिकांनी साक्षींच्या वह्या बाजूला ठेवल्या आणि 'बइर हाहरेगा' म्हणजे 'कत्तलीच्या नगरीत' ही कविता लिहिली. रशियन सेन्सॉरच्या भीतीने 1904मध्ये ती वेगळ्याच नावाने प्रसिद्ध झाली. सतराव्या शतकातील एका हत्याकांडाचे गाव, नेमिरोव, तिच्या शीर्षकात घातले गेले. ज्यू परंपरेत अशा प्रसंगी विलापगीत लिहिण्याची शतकांची चाल होती. मेलेल्यांना हुतात्मे म्हणावे, देवापुढे रडावे, आपल्या पापांची क्षमा मागावी. बियालिकांनी ती चाल मोडून टाकली. या कवितेत प्रत्यक्ष देवच कवीला हाताला धरून गल्लीबोळांतून, माळ्यांवरून, तळघरांतून फिरवितो आणि स्वतःच्या दिवाळखोरीची कबुली देतो. जमावाला तर ती लाखोली वाहतेच. पण तिचा खरा आसूड पडतो तो मार खाणाऱ्यांवर. बायका विटंबल्या जात असताना पुरुष पिंपांआड लपून भोकांतून पाहत राहिले, वाचले आणि मग धर्मगुरूकडे जाऊन आपापल्या पत्नीसंबंधी शास्त्रार्थ विचारू लागले, असे चित्र त्यांनी रंगविले.

परिणाम भयंकर झाला. झाबोटिन्स्की यांनी केलेल्या रशियन भाषांतराने ती हिब्रू न जाणणाऱ्या तरुणांपर्यंत पोहोचली. ठिकठिकाणी आत्मसंरक्षणाच्या तुकड्या उभ्या राहत होत्या. त्यांतील मुलांच्या खिशात ही कविता असे. पुढे पॅलेस्टाइनमध्ये शस्त्र हाती घेणाऱ्या ज्यू पिढीच्या मनोभूमिकेचे मूळ अनेक अभ्यासक या ओळींत शोधतात. कवितेने इतिहास घडविला असे सर्रास म्हटले जाते आणि बहुधा ते अतिशयोक्त असते. येथे ते फारसे अतिशयोक्त नाही.

परंतु किशिनेव्हच्या माणसांचे काय? ज्या साक्षी बियालिकांनी स्वतःच्या कानांनी ऐकल्या, त्यांत प्रतिकाराच्याही हकिकती होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बाजाराजवळ लाठ्याकाठ्या घेऊन जमलेल्या ज्यूंची, आणि पोलिसांनीच त्यांना पांगविल्याची हकिकत होती. बायकामुलांच्या आड येऊन मार खाल्लेल्यांची होती. कवितेत यांपैकी कोणालाही जागा मिळाली नाही. कवीला एका समाजाला लाज वाटावयास लावावयाचे होते आणि लाज वाटावयास लावताना अपवाद सांगून चालत नाही. हे कलेच्या दृष्टीने समजण्यासारखे आहे. ज्यांच्या दारात बसून साक्ष घेतली, त्यांच्या दृष्टीने ते क्षम्य आहे काय, हे कोणी त्यांना विचारले नाही. जगाने वह्या वाचल्या नाहीत, कविता वाचली. किशिनेव्हचा ज्यू पुरुष म्हणजे भेकड, ही प्रतिमा पुढे शाळाशाळांतून शिकविली गेली.

राष्ट्रकवी ही पदवी बियालिकांना याच काळात चिकटली आणि ती त्यांना सोसली नाही. लोक त्यांच्याकडे संदेष्ट्याच्या अपेक्षेने पाहू लागले. त्यांच्या मनात मात्र पक्षिणीच्या पंखाखाली एकटे राहिलेले पिल्लू होते, वाया गेलेले बालपण होते, कधी नीट न भेटलेले प्रेम होते. उत्तम भावकविता त्यांनी याच वर्षांत लिहिल्या. आणि साधारण 1908नंतर, वयाच्या पस्तिशीच्या आसपास, हा झरा आटू लागला. पुढच्या पाव शतकात त्यांच्या हातून मोठ्यांसाठी मोजक्याच कविता उतरल्या. या मौनाची कारणे सांगणारी पुस्तकेच्या पुस्तके हिब्रूत आहेत. पदवीचे ओझे, कौटुंबिक एकाकीपण, अपत्य नसण्याचे दुःख, भाषेवरील अविश्वास. 1915च्या एका निबंधात त्यांनी शब्द हे अर्थ प्रकट करण्यापेक्षा खालची पोकळी झाकण्याचेच काम अधिक करतात, असा विचार मांडला. ज्याने एक भाषा उभी केली त्याने हे लिहावे, यातच बरेच काही आले.

कविता थांबली तरी काम थांबले नाही. मोरिया या नावाची प्रकाशनसंस्था सहकाऱ्यांसह त्यांनी आधीच काढली होती. रावनित्स्कींबरोबर त्यांनी तालमूद आणि अन्य प्राचीन ग्रंथांत विखुरलेल्या कथा, दंतकथा, सुभाषिते वेचून 'सेफर हाअगादा' हा महासंग्रह 1908 ते 1911 या काळात प्रसिद्ध केला. इकडे विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगावची दप्तरे धुंडाळीत होते तोच हा काळ; पूर्वजांचा ठेवा हरवण्याआधी एका जागी आणावा, ही तळमळ दोन्हीकडे सारखी दिसते. धर्मशाळेत पाऊल न टाकलेल्या ज्यू मुलांपर्यंत त्यांचा वारसा पोहोचला तो बहुधा याच ग्रंथातून, आणि तो अद्याप छापला जातो. मध्ययुगीन स्पेनमधील हिब्रू कवी इब्न गबिरोल यांच्या कविता शोधून संपादित करण्यात त्यांनी वर्षे घातली. 'डॉन किहोते' संक्षिप्त रूपात हिब्रूत आणली, शिलरचे 'विल्हेल्म टेल' आणले. आन्स्की यांच्या 'दिब्बुक' या नाटकाचा त्यांनी केलेला हिब्रू अनुवाद मॉस्कोच्या हबिमा नाटकमंडळीने 1922मध्ये रंगभूमीवर आणला आणि तो प्रयोग जगभर गाजला.

बोल्शेविक क्रांतीनंतर रशियात हिब्रू ही प्रतिगामी भाषा ठरली. छापखाने बंद पडले. 1921मध्ये मॅक्झिम गॉर्की यांच्या मध्यस्थीने बियालिक व काही हिब्रू लेखकांना देश सोडण्याची परवानगी मिळाली. तीन वर्षे जर्मनीत काढून, द्वीर ही नवी प्रकाशनसंस्था स्थापून, 1924मध्ये ते तेल अवीवला आले. शहर अवघे पंधरा वर्षांचे होते. तेथे त्यांचे घर बांधले गेले आणि रस्त्याला त्यांचे नाव त्यांच्या डोळ्यांदेखत दिले गेले. घरात माणसांचा राबता इतका वाढला, की लिहिण्यास निवांतपणा उरेना. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठाचे 1925मध्ये उद्घाटन झाले तेव्हाच्या प्रमुख वक्त्यांत ते होते. शनिवारच्या दुपारी त्यांनी सुरू केलेले 'ओनेग शब्बात' हे व्याख्यान-गायनाचे मेळावे शहराचा परिपाठ बनले. भाषासमितीच्या कामात नवे शब्द घडवावे लागत. विमानासाठी 'मातोस', आयात-निर्यातीसाठी 'येवू' आणि 'येत्सू' हे त्यांनी दिलेले शब्द आज कोणाचे हे न आठवता लोक वापरतात. सावरकरांचे दिनांक आणि महापौर मराठीत असेच विरघळून गेले आहेत.

मात्र या नव्या भूमीने त्यांच्या कवितेचे एक नुकसान केले, आणि ते भरून येण्यासारखे नव्हते. बियालिकांचे कान पूर्व युरोपात घडले होते. तेथील अश्केनाझी उच्चारात शब्दाचा आघात बहुधा उपान्त्य अक्षरावर पडे आणि काही स्वरव्यंजनेही निराळी होती. त्यांच्या बहुतेक कवितांची लय त्या उच्चारावर तोललेली आहे. पॅलेस्टाइनमध्ये रुजलेल्या बोलत्या हिब्रूने सेफार्दी धाटणीचा उच्चार घेतला. त्यात आघात बहुशः अंत्य अक्षरावर. एखाद्या रचनेतील लघू आणि गुरू यांची अदलाबदल करून ती म्हणून पाहावी, म्हणजे तेल अवीवच्या शाळेत बियालिकांच्या कवितेचे काय होई याची कल्पना येईल. अर्थ तोच, शब्द तेच, पण पाऊल चुकलेले. बियालिकांना हे कळत होते. नवा उच्चार योग्य आहे हेही त्यांनी मान्य केले. उशिरा लिहिलेली काही बालगीते त्यांनी नव्या आघातानुसार बेतली, जुन्या कविता मात्र तशाच राहिल्या. 1948नंतर अलिबाग-पेणकडची बेने इस्रायली कुटुंबे इस्रायलला गेली. त्यांच्या मुलांनी शाळेत बियालिक पाठ केले ते याच उच्चारात. कवीने स्वतः ऐकलेली लय त्यांच्या आणि त्यांच्याबरोबर शिकणाऱ्या पोलिश-रशियन मुलांच्या, दोघांच्याही कानांना सारखीच अपरिचित होती.

तरुण कवींनी तर त्यांना जिवंतपणीच मोडीत काढावयास घेतले होते. अव्राहाम श्लोन्स्की आणि त्यांच्या मित्रांना रस्त्यावरची, यंत्रांची, वाळूची हिब्रू हवी होती; बायबलच्या प्रतिध्वनींनी भारलेली बियालिकांची भाषा त्यांना जड वाटे. ज्याच्या खांद्यावर उभे राहावयाचे त्यालाच ढकलण्याची ही रीत सर्व साहित्यांत आहे आणि मर्ढेकरांच्या वाचकांना ती नवीन नाही. बियालिक दुखावले, चिडलेही. अखेरच्या वर्षांत ते पुन्हा कवितेकडे वळले ते वडिलांचा गुत्ता आणि विधवा आई घेऊनच. त्या रचनाचक्राचे नावच 'यात्मूत', म्हणजे अनाथपण. ते लिहून होत आले असताना उपचारांसाठी ते व्हिएन्नाला गेले. शस्त्रक्रियेनंतर 4 जुलै 1934 रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. वय 61. पार्थिव तेल अवीवला आणले गेले तेव्हा अंत्ययात्रेला अवघे शहर लोटले. त्यांच्या नावाचा साहित्य पुरस्कार दिला जातो. 1968च्या मालिकेतील दहा लिरांच्या नोटेवर त्यांचे चित्र आले. राहते घर आता संग्रहालय आहे. आणि झोपाळ्यावर वरखाली जाणाऱ्या मुलांसाठी त्यांनी लिहिलेले छोटेसे गाणे तेथील बालवाड्यांत अद्याप म्हटले जाते. त्यातील आघात नव्या उच्चाराशी जुळतो.

किशिनेव्हच्या वह्या मात्र त्यांच्या कागदपत्रांत पडून राहिल्या. कवितेच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या, ती पाठ्यपुस्तकांत गेली, तिच्यावर प्रबंध झाले. वह्या छापून बाहेर आल्या त्या 1991 साली, हत्याकांडाला 88 वर्षे उलटल्यावर. त्यानंतरच अभ्यासक दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचू लागले आणि कोणते घर, कोणते अंगण, कोणाचे नाव कवितेतून गळाले, याची नोंद होऊ लागली. बियालिकांपुढे बसून ज्यांनी आपली हकिकत सांगितली होती, त्या स्त्रीपुरुषांपैकी ही छापील पाने पाहावयास कोणी उरलेले नव्हते.